रुमाल टाकलेली खुर्ची

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. गाव मेढ्याच्या पुढं. सकाळी एसटीनं निघते, साताऱ्यात स्टँडवर उतरेपर्यंत साडेनऊ आणि कॉलेजात पोचेपर्यंत पावणेदहा होतात. लेक्चर आणि प्रॅक्टिकल यांच्या मधला वेळ मला लायब्ररीत काढायचा असतो, कारण घरी दोन खोल्या, सहा माणसं आणि टीव्ही. पण रिडिंग हॉलमध्ये शिरलं की प्रत्येक टेबलावर काहीतरी असतंच. सॅक, पाण्याची बाटली, स्वेटर, चालू घडामोडींचं जाडजूड पुस्तक. माणसं मात्र निम्मीच. बाकीची चहाला, जेवायला, एखादा जिमला. स्पर्धा परीक्षा करणारी मुलं सातलाच येऊन जागा धरतात. त्यातल्या काहींचं शिक्षण दोन वर्षांपूर्वीच संपलंय.

मागच्या सोमवारी मी पाऊण तास उभी होते. शेवटी एका खुर्चीवरची सॅक उचलून खाली ठेवली आणि बसले. वीस मिनिटांनी तो मुलगा आला आणि ‘माझ्या सामानाला हात का लावला?’ म्हणून सगळ्यांसमोर ओरडला. मी उठून बाहेर गेले. तेव्हापासून त्या हॉलमध्ये जायला नको वाटतं.

एक गोष्ट लपवत नाही. हॉस्टेलला राहणारी माझी मैत्रीण मंगळवारी आणि गुरुवारी तिच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी वही ठेवून धरते. ते दोन दिवस छान जातात. पण भांडणानंतर तेही टोचायला लागलंय. मी तक्रार करू का? की सगळे वागतात तसंच मीही वागू?
– एक वाचक, जावळी तालुका

उत्तर:

तुझी शेवटची कबुली नसती तर हे उत्तर मी दहा ओळींत उरकलं असतं. ग्रंथपालांना भेट, अर्ज दे, संपलं. पण तू मंगळवार-गुरुवारचं लिहिलंस आणि मला पेन खाली ठेवून चहा करायला उठावं लागलं.

आधी तो सोमवार. सॅक ‘खाली ठेवली’ असं तू लिहितेस. खाली म्हणजे फरशीवर ना? मग माझा अंदाज असा की तो निम्मा खुर्चीसाठी ओरडला आणि निम्मा फरशीसाठी. आपल्याकडं पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात आपोआप नमस्काराला जातो. त्याची वर्षा-दोन वर्षांची टिपणं ज्या सॅकमध्ये आहेत, ती त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांपाशी दिसली. म्हणून त्याचं ओरडणं बरोबर ठरत नाही. रिकाम्या खुर्चीवर बसायचा तुला पूर्ण हक्क होता, आणि चारचौघांत तुझ्यावर आवाज चढवायचा त्याला काडीचाही नव्हता. पण पुन्हा तशी वेळ आली तर सॅक टेबलाच्या कडेला ठेव किंवा खुर्चीच्या पाठीला अडकव. जमिनीवर नको.

आणि हात लावायच्या आधी शेजारच्याशी बोल. हे मी सभ्यपणा म्हणून सांगत नाही, त्याचा उपयोग होतो म्हणून सांगते. रॉबर्ट सॉमर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ग्रंथालयांच्या वाचनकक्षांत बसून हेच न्याहाळत होते. कोण कुठं बसतं, काय ठेवून उठतं, त्या वस्तूनं जागा किती टिकते. टेबलावर विस्कटलेली मासिकं गर्दीच्या वेळी फार तग धरत नाहीत, असं त्यांना दिसलं. खुर्चीला अडकवलेला कोट किंवा कुणाची तरी म्हणून ओळखू येणारी वही मात्र खूप वेळ टिकते. आणि रिकाम्या खुर्चीबद्दल शेजारच्याला विचारलं की बऱ्याचदा तोच तिचा राखणदार होतो. गेलेला माणूस त्याच्या ओळखीचा असायलाच हवा असंही नाही. कॅलिफोर्निया काय नि सातारा काय, रिकाम्या खुर्चीचा मुखत्यार शेजारीच असतो.

तेव्हा त्यालाच विचार, “इथं बसलेला कधी गेलाय?” “आत्ताच गेला, चहाला,” असं उत्तर आलं तर तू दुसरीकडं बघ. “सकाळपासून दिसला नाही,” म्हणाला तर सरळ सांग, “मी बसते. तो आला की उठते.” हे शेवटचं वाक्य गिळायचं नाही. त्यानं शेजारी साक्षीदार होतो. येणाऱ्या मुलाला पहिलं वाक्य तुझ्याकडून न कळता त्याच्याच शेजाऱ्याकडून कळतं आणि निम्मी हवा तिथंच जाते. तो आला की खरंच ऊठ. तेवढ्यात तुझा पाऊण तास वाचून झालेला असेल. परवा तोच पाऊण तास तू उभं राहून घालवलास.

आणखी एक. हॉल भरलेला दिसतो तेवढा तो भरलेला नसतो. चार खुर्च्यांचं टेबल घे. पहिला येतो तो कडेला बसतो, दुसरा त्याच्या समोर न बसता तिरक्या कोपऱ्यात. तिसरा येतो, बघतो आणि पुढं जातो. दोघांत टेबल ‘फुल’. सॉमर यांनी आणखी एक नोंदवलंय. लांब टेबलावर ज्याला नुसतं एकटं राहायचंय तो कडेची खुर्ची घेतो, आणि ज्याला अख्खं टेबल हवंय तो मधली. मधल्या खुर्चीवर दोन्ही कोपरं पसरून बसलेल्याला विचारायचा आपल्याला धीर होत नाही, हेच त्याला हवं असतं. विचारून टाक. फार तर तो कपाळाला आठ्या घालेल, पण आठ्यांना खुर्ची लागत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते, कारण तक्रार करू का हा तुझा प्रश्न त्याशिवाय सुटणार नाही.

मी सांगलीकडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. तुझ्यासारख्या तक्रारी माझ्याकडं रोज यायच्या. एका जूनमध्ये माझं डोकं फिरलं. सकाळी साडेअकराला हॉलमध्ये गेले आणि परिचर मामांना म्हटलं, ज्या खुर्चीवर माणूस नाही तिथलं सगळं उचला. दहा मिनिटांत देवघेव काउंटरवर ढीग लागला. सॅका, दोन हेल्मेटं, डबे, छत्र्या, एक कॅरम बोर्डाचा स्ट्रायकर (तो कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही). मी त्या ढिगाशेजारी उभी राहिले आणि एकेकजण आला की “जागा तुझ्या वडिलांची आहे का?” असं ऐकवत सामान देत गेले. फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पाचवा का सहावा मुलगा आला त्याच्या हातांना धूळ होती. मनगटापर्यंत. त्यालाही मी तेच ऐकवलं. तो काही बोलला नाही, सॅक घेतली, आतली वही वाकली होती ती टेबलाच्या कडेवर घासून सरळ केली आणि परत आत, पुस्तकांच्या दालनाकडं गेला. मामा हळूच म्हणाले, “मॅडम, तो कमवा आणि शिकातला. सकाळपासून आपल्याच मांडण्या लावतोय.”

म्हणजे मीच त्याला कामावर ठेवलं होतं आणि मीच त्याची जागा मोडली. तासाचे पैसे देऊन.

तू साताऱ्यात शिकतेस, तुला ‘कमवा आणि शिका’ हे शब्द समजावून सांगायची गरज नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला काम साताऱ्यात आणलं आणि वसतिगृहातल्या पोरांना हातानं काम करत शिकवलं. पुढं १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथंही काम करून शिकणारी मुलं होती. त्या गावात एखाद्या खुर्चीवरची सॅक म्हणजे मालक चहाच्या टपरीवर गप्पा हाणतोय असं धरून चालणं जरा धोक्याचं आहे. तो ऑफिसात फायली लावत असेल, कॅन्टीनमध्ये ताटं उचलत असेल, तुझ्यासारखाच प्रॅक्टिकलला गेला असेल. जिमला गेलेलेही असतात, आहेतच. पण सॅककडं बघून कोण कुठला ते कळत नाही. माझी चूक तीच होती.

त्यानंतर आम्ही एक केलं. संगणक आल्यावर कॅटलॉगची जुनी कार्डं खोकी भरभरून पडून होती. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची, खाली मध्यभागी भोक असलेली, तू कदाचित पाहिलीही नसशील. त्यांची मागची बाजू कोरी. टेबलांवर कार्डं ठेवली आणि नियम लावला. उठताना मागं लिहायचं: किती वाजता उठलो, किती वाजता येणार. जास्तीत जास्त पाऊण तास. वेळ टळली की कुणीही त्या खुर्चीवर बसावं, सामान काउंटरच्या मांडणीवर आणून द्यावं. कार्डच नसेल तर जागा मोकळी.

तीन आठवडे अगदी झकास चाललं. मग पोरं पोरंच. एकाच्या कंपासपेटीत चार कार्डं सापडली, चार वेगवेगळ्या वेळा आधीच लिहून ठेवलेली, मित्रानं दर पाऊण तासानं बदलायची. मग वेळ मामांनी त्यांच्या निळ्या पेनानं लिहायची असं ठरलं. मामांचा ‘४’ आणि ‘९’ सारखाच दिसायचा, त्यावरूनही भांडणं झाली. परीक्षेच्या महिन्यात तर कार्डांचा काही उपयोग झाला नाही, कारण तेव्हा कुणी उठतच नव्हतं. पण बाकी वर्षभर हॉलमध्ये उभं राहणारी मुलं कमी झाली, एवढं मी छातीठोक सांगते. आणि मला समजलं ते असं की जागा अडवणाऱ्यातल्या बहुतेकांना अख्खा दिवस जागा नकोच होती. परत आल्यावर ती मिळेल एवढीच खात्री हवी होती. ती खात्री मिळेना म्हणून सॅक.

तेव्हा तक्रार कर, पण ‘अमुक मुलगा ओरडला’ अशी करू नकोस. ती तक्रार शिस्त समितीकडं जाते आणि तिथं तुझीच उलटतपासणी सुरू होते. त्याऐवजी एक आठवडा मोज. रोज चार वेळा, म्हणजे दहा, साडेअकरा, एक आणि तीनला, हॉलमधून एक चक्कर मार आणि वहीत तीन आकडे लिही: माणूस बसलेल्या खुर्च्या, नुसतं सामान असलेल्या खुर्च्या, खरोखर रिकाम्या खुर्च्या. पाच मिनिटांचं काम आहे. जिथं तू प्रॅक्टिकलला असशील तिथं मैत्रिणीला सांग, तिलाही जरा कामाला लाव.

या आकड्यांना किंमत का आहे ते सांगते. ग्रंथालयाच्या दारात रजिस्टर असतं, त्यात सही केली की तू ‘वापरकर्ता’ झालीस. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, अहवालात आम्ही ग्रंथालयाच्या रोजच्या वापराचा आकडा त्यावरूनच भरायचो. पाऊण तास उभं राहून निघून गेलेली मुलगी आणि आठ तास बसलेला मुलगा, रजिस्टरला दोघं सारखेच. सॅक तर सहीच करत नाही. तुझ्या ग्रंथपालांकडंही बहुधा हा नुसत्या सामानाच्या खुर्च्यांचा आकडा नसणार. तो घेऊन तू गेलीस तर त्यांना तुझ्यावर रागवता येणार नाही, उलट ग्रंथालय समितीत बोलायला त्यांच्याच हातात काहीतरी येईल. शिवाय डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं ग्रंथपाल होताना आम्हा सगळ्यांना तोंडपाठ करावी लागतात, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख कर. आम्हा मंडळींना ते लागतं.

अर्जात मागायचं काय? नुसतं ‘कारवाई करावी’ असं लिहू नकोस. एक तर वेळेच्या चिठ्ठीचा नियम माग. दुसरं, हॉलमधली चार-पाच टेबलं फक्त दोन-दोन तासांसाठी ठेवा, ती धरता येणार नाहीत, असं माग. गावाहून येणाऱ्यांसाठी. ‘जो आधी येईल त्याची जागा’ हा नियम कानाला फार न्यायाचा वाटतो. पण सातला कोण येऊ शकतं? हॉस्टेलवरची मुलं, राजवाड्याकडं नाही तर पोवई नाक्याकडं खोली घेऊन राहणारी मुलं. मेढ्याच्या पुढची मुलगी सातला चुलीपुढं असते. तिची जागा एसटीचं वेळापत्रक ठरवतं, आणि नियम मात्र तिलाच म्हणतो की तू उशिरा आलीस.

शिक्षण संपलेल्या मुलांच्या वाटेला जाऊ नकोस. कॉलेजनं त्यांना फी घेऊन सभासद करून घेतलं असेल तर त्यांचाही हक्क आहे. करून घेतलं नसेल तर ते बघणं ऑफिसचं काम. माझ्या हॉलमध्ये असा एक होता, फौजदारकीची तयारी करणारा. त्याची आई एकदा डबा द्यायला आली आणि म्हणाली, गावात कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, पोरगा लायब्ररीला जातो. ती खुर्ची हे त्याचं ऑफिस होतं. म्हणून ती त्यानं दिवसभर अडवावी असं नाही, पण तू चिडशील तेव्हा एवढं ध्यानात असू दे.

तुझ्यापुरता एक मार्ग मला पत्र वाचतानाच दिसला. तू वनस्पतिशास्त्राची. तुला वनस्पतिकोश लागतात, जुने प्रबंध लागतात. मग तू त्या हॉलमध्ये बसतेसच का? संदर्भ विभागात बस. बहुतेक ठिकाणी तिथं बॅग आणि स्वतःची पुस्तकं नेता येत नाहीत, आणि नेमक्या त्याच कारणानं स्पर्धा परीक्षावाले तिथं फिरकत नाहीत. जे नेता येत नाही त्यानं जागाही धरता येत नाही. वही-पेन तेवढं चालतं. नियतकालिकांचा विभागही बघ. सकाळी वर्तमानपत्रांची झुंबड ओसरली की अकरानंतर तिथं पंख्याखाली शांतता असते. चार्जिंग पॉइंट मात्र दोन्हीकडं कमीच. लॅपटॉप घरून भरून आण, म्हणजे भिंतीकडच्या खुर्च्यांसाठी जी मारामारी असते तिच्यातून तू आपोआप बाहेर पडशील.

आता मैत्रीण.

स्टँडवर गाडी लागली की आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. दरवाजातून चढून आत जातो आणि रुमालावर बसतो. कुणी भांडत नाही, कारण रुमाल टाकणारा खिडकीखालीच उभा आहे, दोन मिनिटांत आत येणार आहे, हे सगळ्या गाडीला दिसतं. तोच रुमाल एखाद्यानं साताऱ्यात टाकला आणि म्हणाला की माझा भाऊ कराडला चढणार आहे, तर कंडक्टर काय म्हणेल ते तुला माहीत आहे.

तुझी मैत्रीण वही कधी ठेवते? आठ वाजता ठेवत असेल तर तो कराडचा रुमाल झाला. त्या पावणेदोन तासांत कुणीतरी तुझ्यासारखीच येऊन, बघून, परत गेलेली असू शकते. तिला सांग, तू स्टँडवर उतरलीस की फोन करशील, त्यानंतर वही ठेवायची. तिथून कॉलेजपर्यंतची पंधरा मिनिटं धरायला कुणाची हरकत नसावी, माझी तरी नाही. यात काही मंगळवार असे येतील की तुझ्या फोनच्या आधीच ती खुर्ची गेलेली असेल. तेव्हा संदर्भ विभाग आहेच. पण मग त्या हॉलमध्ये “कधी गेलाय?” असं विचारताना तुझा आवाज अडखळणार नाही. सध्या तो अडखळतोय, ते पत्रातसुद्धा ऐकू येतं.

त्या मुलाची माफी मागू का, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माफी नको. दिसला तर “परवा तुझी सॅक मी खाली ठेवली, वर ठेवायला हवी होती,” एवढं म्हण. बसल्याबद्दल अवाक्षर काढू नकोस. तो काय म्हणतो ते बघ. माझा अनुभव असा की ऐंशी टक्के पोरं यावर “असू दे, असू दे” म्हणतात आणि कान खाजवतात. उरलेल्यांशी आपल्याला सोयरीक जुळवायची नाही.

मोजणी झाली की आकडे मला पाठव. शनिवारचे वेगळे लिही. शनिवारी निम्मी हॉस्टेलची पोरं गावाला गेलेली असतात, तो दिवस बाकीच्यांत मिसळलास तर हॉल मोकळाच असतो असं दिसेल आणि समितीतलं कुणीतरी नेमकं त्यावरच बोट ठेवील.